एकदा कच म्हणजे अ

टकळीला टकळी म्हणायला लागून अजून वर्षही झालं नव्हतं. त्याआधी घरात तिचं नाव होतं गप्पू. वर्गात बाईंनी धडा वाचायला उभं केलं की हिचा आवाज पोटात जाऊन दडी मारायचा आणि काही केल्या वर यायचा नाही. मग ती शाळा सुटल्यावर मावशीच्या केशकर्तनालयात बसून प्रश्न वाचायला लागली, आणि आवाज जो वर आला तो आलाच. आता त्याला अधूनमधून तरी खाली कसं पाठवायचं, ही घरच्यांची काळजी होती. "लोकांच्या जिभेला हाड नसतं," तिची आई म्हणायची, "हिच्या जिभेला ब्रेकसुद्धा नाही."

मावशीचं दुकान म्हणजे टेबलाचा खण. लांबुळकं, अरुंद आणि गच्च भरलेलं. समोरासमोर आरसे, मधे दोन खुर्च्या, मागे डोकी धुवायचं बेसिन. खिडकी मात्र औषधालासुद्धा नाही. इकडे बघा आरसा, तिकडे बघा आरसा. आरशात आरसा, त्यात पुन्हा आरसा, आणि मावशीची अख्खी पलटण कात्री घेऊन उभी.

"दिवसभर मला मीच दिसते," मावशी म्हणायची. "आणि मी काही इतकी बघण्यासारखी नाही गं."

तिला बघायचं होतं आकाश. सकाळी शटर उघडायच्या आधी ती रस्त्यात मान वर करून उभी राहायची आणि सायकलवाले घंटी वाजवून वाजवून शेवटी वळसा घालून जायचे. एकदा आत शिरली की मग आकाश संपलं. पण तिची खोड काही जात नव्हती. पहिल्या गिऱ्हाइकाच्या केसांतून बोटं फिरवली की ती सांगायची, "आज हवेत ओलावा आहे. केस ऐकायला तयार नाहीत. छत्री आणलीय ना?" न आणणारे परत जाताना हमखास भिजायचे.

आणि अशा बाईच्या हाती, रंगाच्या बाटल्या गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रातून, जाहिरात पडली : वेधशाळेत निरीक्षण साहाय्यक पाहिजेत. गच्चीवर उभं राहायचं, ढग ओळखायचे, वारा मोजायचा, लिहून ठेवायचं. "ढग बघायची नोकरी असते?" मावशी किंचाळली होती, "आणि इतकी वर्षं मला कुणी बोललं नाही?" शिक्षणाची अट ती कधीच ओलांडून बसली होती. विज्ञानाचा पेपर तर ती दर वेळी हसत हसत काढायची. पण परीक्षेचा पहिला पेपर असायचा सामान्य ज्ञानाचा. इतिहास, भूगोल, शरीर, ग्रह, नद्या, जीवनसत्त्वं, सगळं एका पातेल्यात ढवळलेलं. या पेपराने तिला दोनदा तंगडी घातली होती. आता ही तिसरी वेळ आणि शेवटचीही, कारण पुढच्या वर्षी वयाची अट तिच्या तोंडावर दार आपटणार होती. या वेळी गेलं तर आकाश गेलं. मग आहेच, आरसा आणि मावशी, मावशी आणि आरसा.

म्हणून टकळी मास्तरीण झाली. बाजारातला सराव प्रश्नसंच आणला, चांगला विटेएवढा जाड, आणि रिकाम्या खुर्चीवर मांडी ठोकून ती प्रश्न वाचायला लागली. अडचण एकच होती. केस कापताना मावशीच्या तोंडात चिमटे असायचे. एका ओठाच्या कोपऱ्यात दोन, दुसऱ्यात तीन. उत्तर द्यायचं तर सगळे काढायचे, पुन्हा खोचायचे. तेवढ्यात गिऱ्हाइकाची मान अवघडायची.

युक्ती टकळीच्याच सुपीक डोक्यातून निघाली. "मावशी, तू कात्रीने सांग. एकदा कच म्हणजे अ. दोनदा म्हणजे ब. तीनदा क. चारदा ड."

काय सांगावं! दुकानात टेलिग्राफ ऑफिस उघडलं. टकळी खणखणीत आवाजात विचारायची, "सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह कोणता? अ, शुक्र. ब, गुरू. क, पृथ्वी. ड, बुध." आणि केसांवरून कात्री बोलायची : कच, कच. "बरोब्बर!" पुढचा प्रश्न. कच, कच, कच. "बरोब्बर!" हळूहळू मावशीला पर्याय ऐकायचीही गरज उरली नाही. प्रश्नाचे पहिले तीन शब्द पडायचा अवकाश, कात्री तयार. गिऱ्हाइकं टाळ्या पिटायची. बसवर कंडक्टर असलेली, डोक्यावर कुरळ्यांचं रान घेऊन येणारी बाई होती, सगळे तिला कंडक्टरीण म्हणायचे. ती खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडायची. "टकळे, मला 'अ' उत्तराचेच प्रश्न काढ गं. मागच्या वेळी सगळे 'ड' आले आणि माझे केस कानाच्या वर गेले."

"कात्री हवेत वाजवते ती! केसांत नाही!"

"तू मागून बघतेस. मी पुढून बघते."

टकळीची छाती अशी फुगली होती की दप्तराचे पट्टे पुरेनात. शाळेत मैत्रिणींना ती सांगत सुटली, "माझी विद्यार्थिनी यंदा पहिली येणार." विद्यार्थिनी वयाने आपल्या आईएवढी आहे, ही बाब ती सोयीने गाळायची.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा दुकानात हेडबाई आल्या. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. केस पांढरेशुभ्र, पाठीवर सोडले की दुकानात उजेड पडावा असे. त्या आरशात बघत टोकं कापून घेत होत्या आणि बराच वेळ नुसतं ऐकत होत्या. टकळीला वाटलं, आता शाबासकी येणार.

"वा," हेडबाई म्हणाल्या. "आता पुस्तक मिटव बरं."

"का?"

"मिटव तर." मग त्या आरशातल्या मावशीला म्हणाल्या, "तू ते चिमटे काढ आणि तोंडाने सांग. सर्वांत मोठा ग्रह कोणता?"

मावशीने चिमटे काढले. तोंड उघडलं आणि मिटलं. हातातली कात्री आपोआप वाजली. कच, कच.

"म्हणजे काय?"

"ब," मावशी म्हणाली.

"ब नावाचा ग्रह मी तरी ऐकला नाही."

हेडबाईंनी आणखी विचारलं. रक्त लाल कशामुळे दिसतं? कच, कच, कच. सर्वांत थंड खंड? कच. मावशी कात्रीकडे असं बघायला लागली, जशी काही ती दुसऱ्याच कुणाची आहे. मग हेडबाईंनी ग्रहाचाच प्रश्न पर्याय उलटेपालटे करून विचारला आणि कात्रीने ठामपणे, आत्मविश्वासाने, बुधाला सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह करून टाकलं.

टकळीने मांडीवरच्या मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलं. एकच पुस्तक. तेच प्रश्न, त्याच क्रमाने, तेच पर्याय, पुन्हा पुन्हा. मावशीचं डोकं तर गिऱ्हाइकाच्या केसांत असायचं. शिकला होता तो फक्त मावशीचा उजवा हात. आणि परीक्षेत पर्याय काही या पुस्तकातल्या क्रमाने येणार नव्हते.

"मीच वाट लावली," टकळी म्हणाली. तिचा आवाज चक्क परत पोटात निघाला होता.

"वाट लावली ती दोघींनी मिळून," मावशी म्हणाली. ती टकळीला सरकवून तिच्याच खुर्चीत बसली, आणि मावशी खुर्चीत बसलेली टकळीने पहिल्यांदाच पाहिली. "मला मेलं काही लक्षातच राहत नाही. माणसांची नावंसुद्धा राहत नाहीत. या आपल्या शेजारच्या किल्लीवाल्या काकांचं नाव काय?"

"मग त्यांना ओळखतेस कशी?" हेडबाईंनी विचारलं.

"डोक्याने. मागे दोन भोवरे आहेत आणि डाव्या कानामागे जुनी खोक. डोकं मी आयुष्यात विसरले नाही. रस्त्यात पाठमोरं दिसलं तरी सांगते, कुणाचं, शेवटचं कधी कापलं आणि मधे दुसऱ्या दुकानात तोंड मारून आलेत का."

टकळी ताडकन उभी राहिली. पोटातला आवाज जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला.

"मावशी! मग डोकीच पाठ कर ना!"

"म्हणजे?"

"हेडबाईंचं डोकं बघ. पांढरं. थंडगार. सगळीकडे बर्फच बर्फ. हेडबाई म्हणजे कोण?"

मावशीने हेडबाईंच्या केसांकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे, जो खरोखरच थोडा थंडगार होता. तिच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. "अंटार्क्टिका," ती म्हणाली.

"मी अख्खं आयुष्य शिकवण्यात घालवलं," हेडबाई म्हणाल्या, "आणि आज मला बढती मिळाली. खंड!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात जी धमाल उडाली ती उडाली. दारात पाऊल टाकणाऱ्याला टकळी आधी पायापासून नव्हे, डोक्यापासून न्याहाळायची आणि पद बहाल करायची. दवाखान्यातल्या नर्सताई आल्या, त्यांची ती नेहमीची दुपेडी वेणी, एक पेड दुसऱ्याला विळखा घालून खाली उतरलेला. "डीएनए!" टकळी ओरडली. नर्सताई घाबरून मागे वळल्या, झुरळ आहे की काय म्हणून. कंडक्टरीण आली, तिचं ते दारात न मावणारं डोकं घेऊन, आणि गुरू झाली.

"म्हणजे माझं डोकं मोठं, असं म्हणायचंय का तुला?"

"बाकीचे सगळे ग्रह एका पारड्यात घातले ना, तरी गुरूच भारी भरतो."

कंडक्टरणीने मान ताठ केली. "हे जरा आमच्या डेपोत येऊन सांग. तिथे कुणाला पटत नाही."

भांडण झालं ते किल्लीवाल्या काकांशी. त्यांचं दुकान भिंतीला लागून. डोकं वरून लख्ख, आणि केस फक्त कानांच्या बाजूला. ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच टकळी म्हणाली, "जगातलं सर्वांत मोठं उष्ण वाळवंट!"

"कोण?"

"तुम्ही. सहारा."

"अरे वा! त्या कंडक्टरणीला ग्रह, बाईंना खंड, आणि मला वाळवंट? कानांजवळची ही झाडी दिसत नाही तुला?"

"ती मरूद्यानं, काका. खऱ्या सहारातही असतात."

काकांनी आरशात आपली दोन्ही मरूद्यानं निरखली. "बरं," ते जरा नरमले. "पण त्यांना पाणी नीट घालत जा म्हणावं तुझ्या मावशीला."

प्रश्न संपेनात आणि डोकी पुरेनात. एकाच डोक्यावर दोन-दोन गोष्टी चढल्या. काकांच्या कानामागच्या खोकेत जीवनसत्त्व क जाऊन बसलं, कारण ते मिळालं नाही की जखमा लवकर भरत नाहीत. नर्सताईंच्या वेणीला बांधलेल्या लाल रिबिनीवर हिमोग्लोबिन. मावशी केस कापता कापता सगळं त्या डोक्यांना सांगायची, बोटांनी चाचपून, भांग पाडून. आता पर्याय कोणी वाचायचे नाहीत असा कायदा होता. चिमटे तोंडात असले तर उत्तर थांबायचं, गिऱ्हाईक थांबायचं, जग थांबायचं, पण उत्तर शब्दांतच यायचं.

"आणि मी कोण?" एकदा टकळीने विचारलं.

मावशीने तिच्या कपाळावरच्या झिपऱ्या बाजूला केल्या. "तू ध्वनी. निर्वात पोकळीतून तेवढी जात नाहीस. बाकी तुला कुठेच अटकाव नाही."

सगळं असं रंगात आलं असताना, परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी हेडबाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "रंग लाव. लाल."

टकळीच्या हातातून पुस्तक पडलं. "काय?"

"लाल. भडक. शाळेत होते तोवर शोभलं नसतं. आता मला कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही. उद्या जुन्या मैत्रिणी भेटणार आहेत, सगळ्या पांढऱ्या डोक्याने येतील. मला त्यात उठून दिसायचंय."

टकळी खुर्ची आणि मावशी यांच्यामध्ये हात पसरून उभी राहिली. "नाही! परवा लावा. उद्या परीक्षा आहे. तुम्ही खंड आहात, हेडबाई! खंडाला असं एका दिवसात लाल होता येत नाही!"

"मी खंड असले तरी डोकं माझं आहे."

"मावशी, सांग ना!"

मावशीने एकदा टकळीकडे पाहिलं, एकदा त्या पांढऱ्याशुभ्र केसांकडे. मग तिने रंगाची वाटी काढली. "आलेल्या गिऱ्हाइकाला मी कधी परत पाठवलं नाही," ती म्हणाली. "आणि बाई, मी तर म्हणते, तुम्ही फार उशीर केलात."

टकळी बेसिनजवळ जाऊन उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत अंटार्क्टिका वितळला. आधी केस धुतले, मग बटा वेगळ्या झाल्या, मग ब्रशाने एकेक बट रंगली, आणि शेवटी आरशांतून सगळीकडे लालच लाल हेडबाई दिसायला लागल्या. दिसत होत्या झकास, ही आणखी वाईट गोष्ट होती.

"आता काय करायचं?" टकळी रडकुंडीला आली. "उद्या पेपरात थंड खंड विचारला आणि हिला मंगळ दिसला तर?"

"केसाने गळा कापला म्हणतेस ना मी?" हेडबाई हसत म्हणाल्या. पण जाताना दारात थांबल्या आणि मावशीच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "आठवेल ना गं तुला?"

मावशी नुसती हसली. ते हसू टकळीला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर भलतीच गर्दी होती, आणि तिच्यात ग्रहमालाही होती. कंडक्टरीण पाळी बदलून आली होती. काका 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी दुकानाला लावून आले होते आणि ती पाटी धादांत खोटी होती. नर्सताई रात्रपाळी करून सरळ तिथे येऊन भिंतीला टेकल्या होत्या. हेडबाई लाल डोक्यावर स्कार्फ बांधून जरा लांब उभ्या राहिल्या, ऐनवेळी मावशीला आपलं डोकं दिसू नये म्हणून. टकळी गेटपासून झाडापर्यंत आणि झाडापासून गेटपर्यंत फेऱ्या मारत होती.

"बस जरा," काका म्हणाले. "तुला बघून मला घेरी येतेय."

"वाळवंटात येतेच," टकळी फणकारली.

घंटा झाली. माणसं बाहेर यायला लागली, कुणी कपाळाला हात लावून, कुणी बोटं मोजत. आणि त्यांच्यात मावशी. पोट धरून हसत होती. इतकी, की तिला चालवत नव्हतं.

"गेलं," टकळी म्हणाली. "वेड लागलं हिला."

"अगं, ऐक," मावशीने तिचे दोन्ही खांदे धरले. "तू तर दुसऱ्या पानावरच आलीस! ध्वनी कशातून जात नाही? काका आले, नर्सताई आल्या. गुरूचे तर दोन प्रश्न. मी मान वर केली की समोर डोकीच डोकी, सगळ्या बाकांवर, आणि माझी बोटं अशी वळवळायला लागली की पर्यवेक्षक येऊन विचारून गेले, हाताला काही झालंय का."

"आणि थंड खंड?" मागून हेडबाईंनी विचारलं. त्यांना राहवलं नव्हतं.

"विचारला की! आणि डोळ्यांपुढे तुमचं लालभडक डोकं. झालं, गेले मी मंगळावर. मग म्हटलं, थांब बाई, रंग लावायच्या आधी आपण काय धुतलं? आणि बोटांना तो गार, पांढरा, भिजलेला केस लागला. अंटार्क्टिका!"

हेडबाईंनी स्कार्फ सोडला. सगळं फाटक लाल झालं.

"मग हसतेस कशाला?" टकळीने पाय आपटला.

"शेवटच्या प्रश्नाला. जुन्या आर्द्रतामापकात, हवेतला ओलावा मोजायला, काय ताणून बसवतात? आपल्या पुस्तकात नव्हताच तो. पर्याय होते तार, रबर, धागा आणि..." मावशीला पुन्हा उबळ आली. "माणसाचा केस! ओल्या हवेत लांबतो म्हणून! मी जन्मभर दुसरं केलंय काय? काखेत कळसा नि गावाला वळसा, दोनदा नापास होऊन! मी अशी मोठ्याने हसले की मला ताकीद मिळाली."

यानंतर निकालाची वाट बघणं सुरू झालं, आणि वाट बघणं हा विषय टकळीच्या अभ्यासक्रमात कधीच नव्हता. ती शाळेतून धावत दुकानात यायची, मावशीचा फोन बघायची, पुन्हा बघायची, मग फोन बंद करून चालू करायची, न जाणो निकाल आत अडकला असला तर. आपण नीट शिकवलं का, की पहिल्या चुकीत घालवलेल्या दिवसांनीच घात केला, हे विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

एका दुपारी दुकान भरलेलं होतं. खुर्चीत कंडक्टरीण, बाकावर काका, बेसिनला डोकं टेकून हेडबाई, कारण मुळांशी पांढरं दिसायला लागलं होतं. मावशीच्या तोंडात चिमटे, एका कोपऱ्यात दोन, दुसऱ्यात तीन. फोन किणकिणला. मावशीने डाव्या हाताने तो उचलला आणि वाचायला लागली. वाचत राहिली. चेहऱ्यावर काही नाही. टकळीने आरशातल्या सगळ्या मावश्या तपासल्या. एकीच्याही चेहऱ्यावर काही नाही.

"मावशी?"

मावशीने चिमट्यांकडे बोट दाखवलं. बोलता येत नाही.

टकळीने श्वास घेतला. गप्पू असती तर तिथेच थिजली असती. पण ही टकळी होती, आणि तिने तिच्या खणखणीत, दुकानभर घुमणाऱ्या आवाजात विचारलं :

"निकाल काय लागला? अ, निवड झाली. ब, प्रतीक्षा यादी. क, नापास. ड, यापैकी नाही."

मावशीने कात्री वर धरली.

कच.

कुणी हललं नाही. बेसिनचा नळ थेंब थेंब गळत होता. कंडक्टरणीने डोळे घट्ट मिटले होते, काकांनी बाकाची कड धरली होती, हेडबाईंनी ओलं लाल डोकं अर्धवट वर उचललं होतं. सगळं दुकान दुसरं कच व्हायची वाट बघत होतं.

ते झालंच नाही.